तृतीया विभक्तीतला खून

चांदणीसरांना चांदणीसर का म्हणत, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की गृहस्थ ग्रहगोल शिकवत असावेत, किंवा तरुणपणी कुठल्याशा नाटक मंडळीत नाचत असावेत. तसं काही नव्हतं. सर कॉलेजात एक अशी भाषा शिकवत, जी बोलणारं शेवटचं माणूस जाऊन दोनेक हजार वर्षं उलटली होती आणि जिची एक धड ओळही कुणाच्या हाती लागलेली नव्हती. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्या बहिणींची ती आई; तिला आद्य जर्मानिक म्हणतात. लेकींची तोंडं बघून न पाहिलेल्या आईचं नाक कसं असेल ते ठरवायचं, असा हा उद्योग. चार बहिणींकडचे चार सारखे शब्द समोर मांडायचे, कुणाच्या तोंडात कोणता आवाज कधी घसरला ते नियमानं पाहायचं, आणि मागं मागं जात मूळ शब्द जुळवायचा. असा जुळवलेला शब्द कुणी खरोखर उच्चारल्याचा पुरावा नसतो, म्हणून त्याच्या आधी एक चांदणी काढायची पद्धत आहे. चांदणी म्हणजे कबुली: हे आमचं अनुमान आहे, साक्षीदार कुणी नाही.

सरांसारखी चांदणी कुणाला जमत नसे. शब्द कसाही गिचमिड येवो, चांदणी मात्र पाच टोकांची आणि पाचही टोकं सारखी. तास संपल्यावर फळा पुसताना ते शब्द पुसत, चांदण्या तशाच ठेवत. पुढच्या तासाला येणारे हिशेबाचे प्राध्यापक त्यावरून दर आठवड्याला कुरकुर करत.

विभागाची खोली जिन्याखाली होती. वरून कुणी धावत गेलं की छताचा पोपडा ध्वनिनियमांच्या कागदांवर पडे. विभागप्रमुख सर आणि विभागही सरच. बैठक ते स्वतःच बोलावत, इतिवृत्त स्वतःच लिहीत आणि पुढच्या बैठकीत स्वतःच मंजूर करत. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच ठरावाला लेखी विरोध नोंदवला होता आणि काही दिवस ते स्वतःवर नाराज होते.

माणसाला आयुष्यात एखादी तरी गोष्ट आपली म्हणायला लागते. कुणाचं घर असतं, कुणाची बाग. सरांचा एक शब्द होता. थ्रिस्काझ. अर्थ: तीन पायांचं स्टूल. एका डोंगरी बोलीतला दूध काढायच्या बैठकीचा शब्द, एका जुन्या कायद्याच्या पोथीतला बाकाचा शब्द आणि एका खेड्याचं नाव, एवढ्या सामग्रीवर त्यांनी तरुणपणी तो उभा केला होता. त्याच शब्दावर त्यांना पदवी मिळाली, नोकरी मिळाली आणि पुढं, दुसरा कुणीच उमेदवार नसल्यामुळं, विभागप्रमुखपदही मिळालं. शब्द पुल्लिंगी, हे त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. त्याची सगळी रूपं खोलीच्या भिंतीवर टांगलेली होती: प्रथमा थ्रिस्काझ, द्वितीया थ्रिस्कां, तृतीया थ्रिस्को, चतुर्थी थ्रिस्काइ, षष्ठी थ्रिस्कास, संबोधन थ्रिस्क. पंचमी आणि सप्तमी त्या लोकांनी आधीच मोडीत काढल्या होत्या, याचं सरांना मनापासून वाईट वाटे. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, स्टुलाला हाक कोण मारणार? संबोधन कशाला?" सर म्हणाले, "अंधारात गुडघ्याला लागल्यावर कुणीही मारेल."

या सुखाला एकच गालबोट होतं. दुसऱ्या शहरात एक बाई होत्या. सरांच्याच बरोबर, एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांचं म्हणणं, हा शब्द पुल्लिंगी नाहीच. तो स्त्रीलिंगी आहे, आणि त्याची प्रथमाच मुळी थ्रिस्को, ओकारान्त. सर त्यांचा उल्लेख "त्या ओकारवाल्या" असा करत. कित्येक वर्षं दोघं तळटीपांतून एकमेकांना बोचकारत आली होती. परिषदेत समोरासमोर आली की हसून माना हलवत आणि जेवायला वेगवेगळ्या टोकांना बसत. त्या टेबलावर बसलेल्या बाकी कुणालाही स्टूल बाई की बुवा याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं, ही गोष्ट दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलेली नव्हती.

सरांची बायको नगरपालिकेच्या सांडपाणी विभागात इंजिनियर होती. तिलाही तिचं वेड होतं. कुठल्याही गावात गेली की ती आधी रस्त्याचा उतार बघे. पाहुण्यांकडे हात धुवायला गेली तर पाणी किती वेळात गेलं ते मनात मोजे आणि परतताना रस्त्यात सांगे, "लोक चांगले आहेत, पण उतार कमी दिलाय." घरात जेवताना दोन बोलणी समांतर चालत. सर शब्दाची शेवटची अक्षरं कशी झिजली ते सांगत, ती पाइपांचे सांधे कसे झिजले ते सांगे, आणि दोघांनाही वाटे की समोरचं माणूस लक्ष देऊन ऐकतंय. संसार चांगला चालला होता.

जुन्या बाजारपेठेतली मुख्य वाहिनी बदलायचं काम निघालं आणि ते तिच्याकडे आलं. कित्येक वर्षांची मागणी होती. तिथं तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी उलटं येत असे. खणता खणता काळ्या चिकण मातीचा थर लागला आणि त्यात लाकूड. एक बसकं, तीन पायांचं स्टूल, एक पाय मोडलेला, बाकी शाबूत. चिखलात हवा गेली नव्हती म्हणून टिकलं होतं. मुकादमानं ते उलटं केलं तर बुडाशी काड्याकाड्यांच्या खुणा. बायकोनं त्या ओळखल्या, कारण तसल्या खुणांचे कागद तिच्या घरात कपाटापासून न्हाणीघरापर्यंत पसरलेले असत. ही जुनी रून अक्षरं. लाकडात नीट कोरता यावीत म्हणून नुसत्या उभ्या आणि तिरक्या रेघांनी केलेली. तिनं सरांना फोन केला.

सर तास अर्धा टाकून आले. बायकोचे रबरी बूट घालून चरात उतरले, गुडघे टेकले आणि वाचू लागले. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. त्यांनी कागदावर जुळवलेला शब्द, जो जगात त्यांच्या आणि त्या बाईंच्याखेरीज कुणीच कधी उच्चारला नव्हता, तो इथं कुण्या माणसानं चाकूनं कोरून ठेवला होता. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग ते शेवटच्या अक्षरापाशी पोचले आणि पाणी जागच्या जागी आटलं.

"काय लिहिलंय?" बायकोनं वरून विचारलं.

"थ्रिस्को."

"म्हणजे?"

"स्टूल."

"स्टुलावर स्टूल लिहिलंय?"

"हं."

"मग चांगलंय की. आपण डब्यावर साखर नाही का लिहीत?"

"प्रश्न तो नाही," सर खालूनच म्हणाले. "प्रश्न असा आहे, की तो आहे की ती."

"ते," बायको म्हणाली. "ते स्टूल. वर या, पंप लावायचाय."

घरी आल्यावर सरांनी ताट पुढं सरकवलं. म्हणाले, "कोरणारा अशिक्षित असणार."

"त्याची ती मातृभाषा होती," बायको म्हणाली.

"मातृभाषेतच माणूस सगळ्यात जास्त चुका करतो."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यावर त्यांनी लेखाची दोन पानं लिहून काढली. आद्य जर्मानिक बोलणाऱ्या माणसाला आद्य जर्मानिक येत नव्हतं, असा एकूण सूर. पण दुसऱ्या दिवशी ते लिखाण त्यांनाच टिकेना. पुरातत्त्व खात्याकडून बातमी त्या ओकारवाल्या बाईंना आज ना उद्या कळणार होती आणि मग परिषदेतलं ते हसू, ती मान हलवणं, हे सगळं त्यांना जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाहूनसुद्धा दिसायला लागलं.

सुटका झाली ती सकाळी बुटाची नाडी बांधताना. एका हातात नाडी तशीच धरून सर भिंतीकडे बघत राहिले. थ्रिस्को. हे रूप तर जिन्याखालच्या त्यांच्या तक्त्यातही होतं. पुल्लिंगी शब्दाची तृतीया. चाकूनं कापलं, हातानं उचललं, तसं स्टुलानं. कोरणाऱ्यानं 'स्टूल' लिहिलंच नव्हतं, 'स्टुलानं' लिहिलं होतं. शब्द पुल्लिंगी तो पुल्लिंगीच.

आता 'स्टुलानं' काय, एवढाच प्रश्न उरला. बसण्यासाठी म्हणावं तर तिथं दुसरी विभक्ती लागते. स्टुलानं माणूस करून करून काय करणार? सरांनी लेखात फार जपून लिहिलं: वाक्य अपुरं असावं, उदाहरणार्थ, 'स्टुलानं (मारलं)'. आणि कंसातल्या 'मारलं'च्या आधी एक सुबक चांदणी काढली. चांदणी असली की सरांना कशाचंच पाप लागत नसे.

बायकोचा भाऊ संध्याकाळच्या एका वर्तमानपत्रात होता. त्याच्याकडे रस्त्यावरचे खड्डे आणि हरवलेली मांजरं एवढाच विभाग होता, आणि खड्ड्यांच्या बातम्या बहिणीच्या खात्याविरुद्ध जातात म्हणून तो हल्ली मांजरांवरच होता. चहाला म्हणून आला, टेबलावरचा कागद उलटा ठेवलेला असतानाही त्यानं वाचला आणि चहा अर्धा टाकून गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा: 'स्टुलानं मारलं. जगातला सर्वांत जुना कबुलीजबाब आपल्या गटारात.'

सर संतापून मेहुण्याकडे गेले. "अरे, 'मारलं' हे उदाहरण होतं. त्यावर चांदणी होती."

"भाऊजी, छापायला चांदणीचा खिळाच नाही आमच्याकडे," मेहुणा म्हणाला. "पण खाली बघा ना. 'हा शब्द पुल्लिंगी असल्याचं तज्ज्ञांनी निःसंशय सिद्ध केलं आहे.' बरोबर ना?"

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा वाचली. "तेवढं बरोबर आहे," ते म्हणाले आणि घरी आले.

गावात एक संग्रहालय होतं. त्यात जुन्या कुलपांचा एक संग्रह होता आणि पेंढा भरलेला एक पाणपक्षी, ज्याची चोच दोनदा चिकटवलेली होती. लोक आत येत ते बाहेर गार वारा असला तर, किंवा स्वच्छतागृह शोधत. संचालिकाबाईंनी बातमी वाचली आणि त्या दुपारीच नगरपालिकेत जाऊन बसल्या. त्यांनी 'वारसा' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की नगराध्यक्षांनी खोदकाम थांबवायच्या कागदावर सही केली, एवढ्यासाठीच की त्या उठाव्यात.

चर तसाच उघडा राहिला. जुनी वाहिनी कापलेली, नवी टाकलेली नाही. बायकोनं तात्पुरता पाइप फिरवून पाणी पुढं ढकललं, पण त्या पाइपाला उतार मिळेना. बाजारात नाकाला रुमाल लावून फिरायची वेळ आली. दुकानदारांनी मोर्चा काढला. तो मोर्चा नगरपालिकेपर्यंत पोचायच्या आत बाहेरगावचे लोक खुनाची जागा बघायला यायला लागले, तेव्हा मोर्चा अर्ध्यावरून परत फिरला आणि दुकानदार लहान लहान लाकडी स्टुलं विकू लागले. वास हा त्या काळचाच आहे, असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

संग्रहालयात कुलपं तळघरात गेली. मधल्या दालनात काचेत स्टूल, त्याच्यावर वरून लाल दिवा. शेजारी मेणाचा एक दाढीवाला माणूस, हात वर उगारलेला. वाटाड्या मरणाऱ्याचं वय सांगे, भांडणाचं कारण सांगे आणि शेवटी, बायका फार नसतील तर, कवटी कुठं फुटली तेही सांगे. आणि समोरच्या पूर्ण भिंतीवर, पुढं दोरी लावून, सरांचा तक्ता. प्रथमेपासून संबोधनापर्यंत, एकेक अक्षर हाताएवढं.

सर तिथं गेले होते ते खरं म्हणजे भांडायला. तोंडात वाक्यं तयार होती. भिंत बघितल्यावर ती एकेक करून गळाली. आयुष्यभर ज्या तक्त्यावर जिन्याखाली पोपडे पडले, तो इथं रांगेत उभं राहून लोक वाचत होते. एक आजोबा नातवाला म्हणत होते, "हे बघ, थ्रिस्काइ." सरांना गहिवरून आलं. फक्त शब्दाच्या आधी एकाऐवजी पाच चांदण्या होत्या.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"एकच चांदणी बघून लोकांना वाटलं असतं की प्रदर्शन सुमार आहे," संचालिकाबाई म्हणाल्या. "म्हणून पूर्ण पाच दिल्या."

सर यावर तरी बोलणार होते. पण तेवढ्यात शाळेच्या मुलांची रांग आत आली आणि मास्तरांनी निबंधाचा विषय वाचून दाखवला: 'मी स्टूल बोलतोय'. बोलतोय. बोलतंय नव्हे, बोलतेय तर नव्हेच. सरांनी बाजूला होऊन मुलांना वाट करून दिली. पुढं पुढं बाजारातसुद्धा लोक 'तो स्टूल द्या' म्हणायला लागले आणि ते ऐकायला सर गरज नसताना भाजी आणायला जात.

बायको मात्र धुमसत होती. "तुमच्या एका अक्षरासाठी माझं सगळं पाणी अडलंय," ती म्हणाली.

"अक्षर नाही. विभक्तिप्रत्यय."

"जे काय असेल ते. निदान मारामारी झाली नव्हती एवढं तरी सांगा त्यांना."

"झाली नव्हती असा तरी पुरावा कुठं आहे?"

तिनं भांडी जरा जोरात विसळली आणि पाणी किती वेळात जातंय तिकडं बघत राहिली.

खूप खटपटी करून तिनं परवानगी मिळवली: पहिल्या चराला हात न लावता, थोडं बाजूनं नवा चर खणायचा. खणायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात तिचा कॉलेजात फोन आला.

"अहो, ती सापडली."

"ती म्हणजे? स्त्रीलिंगी एक, की नपुंसकलिंगी पुष्कळ?"

"पुष्कळ," बायको म्हणाली. "या लवकर."

एका लांबट खोपटाचा पाया होता तो. लाकडाच्या ढलप्या जमिनीवर तशाच पसरलेल्या, एका कोपऱ्यात पायांसाठी तासलेले दांडे जुडी बांधून ठेवलेले, आणि भिंतीला लागून स्टुलांची रांग. काही पुरी, काही एक पाय बसवायचा राहिलेली. प्रत्येकाच्या बुडाशी तेच: थ्रिस्को. थ्रिस्को. थ्रिस्को. तेच वाक्य अर्धवट टाकायला कुणी एवढ्यांदा बसत नाही. आणि रांगेतल्या शेवटच्या स्टुलावर, जरा मोठ्या अक्षरांत, आणखी एक शब्द होता. सो थ्रिस्को.

सर त्या जादा शब्दाकडे बघत चिखलात उकिडवे बसून राहिले. 'सो' म्हणजे 'ही'. पुल्लिंगाला 'सा' लागतो, नपुंसकाला 'थात', आणि 'सो' फक्त स्त्रीलिंगाला, तेही प्रथमेतच. हे ते दर वर्षी पहिल्या महिन्यात शिकवत आणि परीक्षेत विचारत. ही थ्रिस्को. कुण्या सुतारानं आपल्या मालावर मालाचं नाव घातलं होतं, आणि एकदा बहुधा गिऱ्हाइकासाठी 'ही' म्हणून निवडून ठेवलं होतं. कुणी कुणाला मारलं नव्हतं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. तिला वाटलं त्यांना भोवळ आली.

"त्या बाई बरोबर होत्या," सर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, मनातसुद्धा. उच्चारल्यावर थोड्या वेळानं त्यांना दाढ काढून झाल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं. बायकोनं हात देऊन त्यांना वर घेतलं.

ते चिखलाच्या बुटांनीच संग्रहालयात गेले. संचालिकाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सगळ्या स्टुलांवर तेच कोरलंय?"

"सगळ्या. म्हणजेच ते हत्यार नव्हे. ते नाव आहे. सुताराचं दुकान होतं ते."

"सुतार," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे चकाकले. "म्हणजे हत्यारं तो स्वतःच बनवायचा. आणि एक खून नाही, मालिका आहे ही. सर, आपल्याला मागचं दालनही लागणार."

सर तिथून तडक मेहुण्याच्या कचेरीत गेले. म्हणाले, जाहीर दुरुस्ती छाप, अगदी ठळक, माझ्या नावानं. मेहुणा तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं छापली, पण जागा होती तेवढीच. शब्दकोड्याच्या खाली दोन ओळी आल्या: 'स्टूल प्रकरणी खुलासा. आमच्या आधीच्या बातम्यांत पुल्लिंगी असा जो उल्लेख आला, तो स्त्रीलिंगी असा वाचावा, असं तज्ज्ञ कळवतात.'

सकाळी सर उठले तेव्हा बाहेर शेजारच्या दोघी कुंपणाशी बोलत होत्या. "बाई होती म्हणे ती," एक सांगत होती. "मला पहिल्यापासून वाटतच होतं. पुरुषाला स्टूल नाही सुचत."

दुपारपर्यंत गावभर झालं. मेणाच्या माणसाची दाढी काढली, केस लांब केले, अंगात झगा घातला. उगारलेला हात तसाच ठेवला. निबंधाचा विषय बदलला. सुताराची ही बायको होती की मुलगी, यावर दोन तट पडले आणि बाजारात एका दुकानदारानं दुसऱ्याशी बोलणं टाकलं.

नव्या दालनाच्या उद्घाटनाला सरांना मुख्य पाहुणे म्हणून बोलावलं. बायकोलाही बोलावलं होतं, कारण वारसा शोधून दिल्याबद्दल तिला ढाल द्यायची होती. तिला ढाल नको होती, तिला उतार हवा होता. नगरपालिकेनं आता नवा चरही बंद करून वाहिनी टेकडीच्या बाजूनं न्यायचं ठरवलं होतं, म्हणजे सगळ्या बाजाराचं पाणी आधी वर चढवायचं. ती ढाल मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती आणि ढालीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं पंपाचं गणित करत होती.

सर उभे राहिले. भाषण लिहून आणलं नव्हतं. म्हणाले, "मी चुकलो होतो. तृतीया नाही, ही प्रथमा आहे. शब्द स्त्रीलिंगी आहे, बाई स्त्रीलिंगी नाही. म्हणजे बाई नव्हतीच. खूनही नव्हता. एका सुतारानं स्टुलावर स्टूल लिहिलं, एवढंच घडलंय. माझा हट्ट होता, त्यापायी तुमच्या दुकानांत पाणी शिरलं, त्याचं मला वाईट वाटतं."

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. नगराध्यक्ष उठून म्हणाले की एवढा मोठा विद्वान आणि एवढी नम्रता हल्ली बघायला मिळत नाही. मागून एका गृहस्थांनी हात वर केला.

"प्रश्न विचारू का? मग तिनं मारलं का त्याला?"

सर खाली बसले. बायकोनं आपला रुमाल त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर त्यांनी संग्रहालयाकडं जाणं सोडलं. जिन्याखालचा तक्ता उतरवला आणि त्याजागी स्त्रीलिंगी रूपांचा नवा तक्ता लावला. त्यात त्यांना एक नवीन गंमत दिसली, की प्रथमेतला तो ओ आणि पुल्लिंगी तृतीयेतला ओ खरोखरच हुबेहूब एक आहे, आणि या हुबेहूबपणात त्यांची वाट चुकली. हे सगळं त्यांनी चार पानांत सरळ लिहिलं, त्या बाईंचं म्हणणं पहिल्यापासून योग्य होतं हेही लिहिलं, आणि तृतीयेचा लेख जिथं आला होता त्याच आपल्या विषयाच्या त्रैमासिकाला पाठवलं. ते त्रैमासिक वर्षातून एकदा निघे. छापून आलेला लेख जगात दोनच माणसं वाचणार, हे सरांना ठाऊक होतं, आणि दुसऱ्या माणसासाठीच तो लिहिला होता.

एका रविवारी दुपारी बायको पानं वाढत असताना फोन वाजला. सरांनी उचलला.

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला. कित्येक वर्षांत समोरासमोर वाक्य झालं नव्हतं, तरी सरांनी ओळखला. "तुमचा लेख वाचला. तुम्ही चुकताय."

"मी?" सर म्हणाले. "बाई, मी तुमचंच म्हणणं मान्य केलंय."

"तेच चुकतंय. स्त्रीलिंग मी मागंच सोडलं. तुमचा तृतीयेचा लेख आला तेव्हा आधी खूप हसले. मग नीट वाचला. आता मला शंका राहिलेली नाही. पुल्लिंगी आहे ते. तृतीयाच आहे. माझा लेख छापायला गेलाय."

सर खुर्ची ओढून बसले. "अहो, पुढं 'सो' लिहिलंय ढळढळीत."

"ते 'सो' नव्हे. कुणाच्यातरी नावाचं शेपूट आहे. त्याआधीचं लाकूड कुजलंय, फोटो नीट बघा."

"मी स्वतः हात लावून बघितलंय. कुजलेलं नाही, तासलेलं आहे."

"तासलेलं म्हणजे नाव मुद्दाम खोडलं. का खोडलं असेल, सांगा बरं?"

"हे बघा, खून वगैरे माझ्यापुढं काढू नका."

"मी कुठं काढला? तुम्हीच काढलात."

"त्यावर चांदणी होती," सर म्हणाले. त्यांचे कान तापले होते, पाठ ताठ झाली होती, आणि बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता तसा रंग त्यांच्या चेहऱ्यावर आला होता. त्यांनी फोनवर हात ठेवून बायकोकडं पाहिलं. "साफ चुकताहेत त्या," ते हळूच म्हणाले. मग फोनमध्ये म्हणाले, "थांबा, पेन घेतो."

बायकोनं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःचं वाढून घेऊन जेवायला बसली.